पडदा, नस आणि बायोमटेरियल : किनाऱ्यावरच्या गावांतून आलेले प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रत्नागिरी जिल्ह्यात शाळा, ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटीची शेड, जिथे जागा मिळेल तिथे डोळे तपासते. चष्म्याचा नंबर काढून झाला तरी काही माणसं उठत नाहीत. खुर्ची थोडी पुढे ओढतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, आता पडदा नवीन बसवतात म्हणे?" कुणी मोबाईलवर बातमी दाखवतं, कुणी मुंबईच्या भाच्याने पाठवलेला व्हिडिओ. पाच मिनिटांत या प्रश्नांची उत्तरं होत नाहीत, आणि अर्धवट उत्तर देऊन माणसाला घरी पाठवणं मला बरं वाटत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पडदा आणि नस म्हणजे नेमकं काय? एकदा गेली की परत का येत नाही?

पडदा म्हणजे रेटिना. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला चिकटलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर. प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी त्यात असतात. त्यांनी टिपलेलं सगळं पडद्याच्याच आतल्या बाजूच्या गँग्लियन पेशींकडे जातं. या पेशींचे लांबच लांब धागे, एका डोळ्यातून साधारण दहा ते बारा लाख, एकत्र येऊन मेंदूकडे निघतात. ही धाग्यांची जुडी म्हणजे दृष्टीची नस. तिची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास.

आपण तिला "नस" म्हणतो आणि हाताच्या नसेसारखी समजतो. पण पडदा आणि नस दोन्ही मेंदूचाच भाग आहेत. कोयतीने बोट कापलं तर तिथली चेतातंतूची टोकं हळूहळू पुन्हा वाढतात. मेंदूच्या धाग्यांना ते जमत नाही. त्यामुळे काचबिंदूत "नस सुकली" की ती सुकलेलीच राहते. तशी का राहते, ते पुढे सांगते, कारण सगळी शोधाशोध तिथेच चालू आहे.

बायोमटेरियल हा काय प्रकार आहे?

शरीरात ठेवलं तरी शरीर ज्याच्यावर उलटत नाही आणि जे तिथे काहीतरी उपयोगाचं काम करतं, असं साहित्य. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली लेन्स हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यांत ॲक्रिलिकचे तुकडे शिरले. हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे तुकडे डोळ्यात तसेच पडून आहेत आणि डोळा लाल होत नाही, सुजत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स त्यांनी 1949 साली लंडनमध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवली. आज आपल्या प्रत्येक वाडीत लेन्स बसवलेली चार माणसं सापडतील.

पडदा आणि नसेच्या बाबतीत मला नेहमी कोय कलम आठवतं. कोवळ्या रोपाला हापूसची काडी जोडतात आणि वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. पट्टी काही वाढत नाही, फुटवा तिला येत नाही. ती फक्त दोघांना घट्ट धरते आणि ओल टिकवते, जोड आतून झाडच करतं. बायोमटेरियलचं काम असंच आहे. धरून ठेवायचं, औषध किंवा पेशी जागेवर पोहोचवायच्या, वाढीला वाट दाखवायची. जिवंत काम जिवंत पेशींनीच करायचं असतं. त्या मेल्या असतील तर नुसती पट्टी बांधून उपयोग नाही.

बाबांचा पडदा सरकला म्हणून डोळ्यात तेल भरलंय. हे तेच का?

हो, हेही त्यातलंच आणि रोजच्या वापरातलं. सुटलेला पडदा पुन्हा भिंतीला टेकवला की तो चिकटेपर्यंत आतून काहीतरी दाबून धरावं लागतं. त्यासाठी सिलिकॉन तेल किंवा गॅसचा बुडबुडा भरतात. तेलाचा वापर 1960च्या दशकापासून चालू आहे.

तेल पाण्यापेक्षा हलकं असल्याने वरच्या बाजूला जातं. म्हणून डॉक्टर मान कशी ठेवायची, कुठल्या कुशीवर झोपायचं ते बजावून सांगतात. पाहुणे आले म्हणून उठून बसलं, असं करू नका.

दुसरी गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते. हे तेल बहुतेक वेळा काही महिन्यांनी काढायचं असतं. आपल्याकडे होतं काय, की दुखत नाही, थोडं दिसतंय, म्हणून "गणपती होऊ देत", मग "शिमगा होऊ देत" असं करत वर्ष निघून जातं. तेवढ्या काळात तेलाचे बारीक थेंब होतात, डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि वाचवलेल्या पडद्यामागची नसच दाबली जाते. कलमाची पट्टी वेळेवर सोडली नाही तर खोडाला काच पडतो, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. डोळ्यात कायमचं तेल ठेवावं लागणारे पेशंटही असतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

गॅस भरला असेल तर? कोल्हापूरला ऑपरेशन झालं, घाट उतरून घरी आलो, आता पुन्हा दाखवायला जायचंय.

हा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाने जरूर विचारावा, कारण माहितीपत्रकात विमानाबद्दल लिहिलेलं असतं, घाटाबद्दल नसतं.

उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि डोळ्यातला बुडबुडा फुगतो. डोळा बंद गोळा आहे, बुडबुड्याला जागा मिळत नाही, मग प्रेशर चढतं. म्हणून गॅस असताना विमानप्रवास बंद. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. तिथून खाली रत्नागिरीला आलात की बुडबुडा थोडा आवळतो, रिकाम्या झालेल्या जागेत डोळा आपलं पाणी भरून घेतो. चार दिवसांनी आंबा घाट चढायला लागलात की बुडबुडा पुन्हा फुगतो, आणि आता जागा नसते. वाटेत डोळा ठणकू लागला, मळमळ झाली, दिसणं काळवंडलं तर ते "गाडी लागली" म्हणून सोडून देऊ नका. निघण्याआधी सर्जनला फोन करा, बुडबुडा किती उरलाय आणि कधी येऊ ते विचारा. नेहमीच्या दोन गॅसपैकी एक साधारण दोन आठवड्यांत विरतो, दुसऱ्याला दोन महिन्यांपर्यंत लागू शकतात. ऑपरेशन मुंबईला झालं असेल तर कोकण रेल्वेने येणं त्या मानाने सोपं, मोठा चढ लागत नाही.

गॅस असताना दुसरं कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो असल्याचं आधी सांगा. भुलेतल्या नायट्रस ऑक्साइडनेही बुडबुडा फुगतो.

थेंब घालून पडद्यापर्यंत औषध का जात नाही?

कारण थेंबातला बहुतेक भाग अश्रूंबरोबर वाहून जातो. पाच टक्क्यांहूनही कमी आत शिरतो आणि तोही पुढच्या भागातच राहतो. पडद्याच्या रक्तवाहिन्यांची भिंत इतकी घट्ट असते की गोळ्यांमधलं औषधही सहज पोहोचत नाही. म्हणून डायबेटिसवाल्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यायला दर काही आठवड्यांनी बोलावतात. सकाळची एसटी, रांग, इंजेक्शन, आणि सोबत आलेल्या मुलाची मजुरी बुडाली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला लोक येणंच सोडतात, हे मी कितीदा पाहिलंय.

इथे बायोमटेरियलने खरोखर मदत केली आहे. विरघळणारे टाके ज्या जातीच्या प्लास्टिकचे असतात, त्याच जातीच्या प्लास्टिकमध्ये औषध मिसळून बारीक काडी करतात. ओझर्डेक्स नावाची काडी सुमारे सहा मिलिमीटर लांब असते, तिच्यात 0.7 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. सुईतून ती डोळ्यात सोडतात. काडी हळूहळू विरघळते, औषध सुटत राहतं आणि तीन-चार महिने पडद्याची सूज आवरते. काडी काढावी लागत नाही. अमेरिकेत तिला 2009 साली मान्यता मिळाली, आपल्याकडेही ती वापरतात. इल्युव्हियन ही दुसरी नळी विरघळत नाही, पण तीन वर्षांपर्यंत थोडं थोडं औषध देते. काचबिंदूसाठीही डोळ्याच्या पुढच्या भागात ठेवायची विरघळणारी बारीक काडी निघाली आहे. तिला अमेरिकेत 2020 मध्ये मान्यता मिळाली.

स्टेरॉइडच्या काडीने प्रेशर वाढू शकतं आणि मोतीबिंदू लवकर पिकतो. तुम्हाला किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल तर ते आधी सांगा. काडी घातल्यावर प्रेशर तपासायला जावंच लागतं, खेपा कमी होतात पण संपत नाहीत.

कोळंबीच्या सालांपासून डोळ्याचं औषध करतात, हे खरं आहे का?

मिरकरवाड्यात एका ताईंनी कोळंबी सोलता सोलता हे विचारलं होतं. पुढ्यात सालांचा हा ढीग! प्रश्न अगदी बरोबर होता.

कोळंबी आणि कुर्ल्यांच्या कवचात कायटिन असतं. कवच आधी आम्लात टाकून त्यातला चुना काढतात, मग अल्कलीत उकळून प्रथिनं काढतात, आणि पुन्हा तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसन मिळतं. त्यावर धनभार असतो, म्हणून ते डोळ्यावरच्या ओलसर थराला चिकटून राहतं आणि सोबतचं औषध लगेच वाहून जात नाही. पडद्याच्या पेशी वाढवायला त्याच्या पातळ जाळ्या करून पाहतात, तो प्रयोग मात्र अजून प्रयोगशाळेत आहे. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ येतं. त्या जातीच्या शेवाळांपासून अल्जिनेट मिळतं. कॅल्शियम लागलं की त्याची जेली होते, आणि तिच्यात पेशी बंद करून ठेवता येतात.

डोळ्यातून निघालेलं साहित्यही आहे. हायल्युरोनिक ॲसिड 1934 साली न्यूयॉर्कमध्ये गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. आज मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा आकार टिकवायला त्याचंच जेल वापरतात. पेशी पडद्यापर्यंत सुखरूप पोहोचवण्यासाठीही त्यावर काम चालू आहे.

त्या ताईंना मी लगेच सांगितलं होतं, तेच इथेही सांगते : सालं वाटून, उकळून, गाळून डोळ्यात काहीही घालायचं नाही.

काचबिंदूने सुकलेली नस जोडता येते का?

आज नाही. माणसात कुठेही नाही, कितीही पैसे मोजले तरी नाही. पण "का नाही" हे कळलं की पुढची आशा कुठे आहे तेही कळतं.

पावसाळ्यात अंगणात येणाऱ्या बेडकाची नस कापली तर ती पुन्हा वाढते. 1940च्या दशकात रॉजर स्पेरी यांनी बेडकासारख्या प्राण्यांची नस कापून डोळा उलटा फिरवला. नस वाढली, धागे आपापल्या जुन्या ठिकाणी पोहोचले, पण डोळा उलटा असल्याने माशी वर असली की प्राणी खाली झेप घेई. म्हणजे धाग्याला आपलं घर माहीत असतं. आपल्या धाग्यांनाही माहीत असेलच, मग ते निघत का नाहीत?

1980च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने उंदरांच्या दृष्टीच्या नसेला पायाच्या नसेचा तुकडा जोडला. न वाढणारे धागे त्या तुकड्यातून लांबवर वाढले. तेव्हापासून मोठा दोष वाटेचा आहे हे कळलं. मेंदूतल्या धाग्यांभोवतीचं वेष्टण वाढ थांबवणारी रसायनं सोडतं, आणि जखमेच्या जागी व्रणाची भिंत उभी राहते. धाग्याची स्वतःची वाढायची ताकदही मोठेपणी मंदावते. ती काही प्रमाणात जागी करता येते, हे 2008 नंतरच्या उंदरांवरच्या कामांतून दिसलं आहे.

वाटेचा भाग बायोमटेरियल सुधारू शकतं. पडवळाच्या वेलाला मांडव घातला नाही तर तो जमिनीवर गुंता होऊन पडतो. शास्त्रज्ञ असाच मांडव धाग्यांना घालू पाहतात, केसापेक्षा कितीतरी बारीक तंतूंचा. 2006 साली अमेरिका आणि हाँगकाँगच्या संशोधकांनी हॅमस्टर या उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या मेंदूत दृष्टीचा मार्ग कापला आणि त्या फटीत एक द्रव सोडला. त्यातली बारीक प्रथिनं जखमेत आपोआप जाळी विणतात. फट सांधली गेली, धागे पलीकडे गेले आणि बऱ्याच हॅमस्टरना समोरचं अन्न पुन्हा दिसू लागलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री उशिरापर्यंत झोप लागली नव्हती.

पण ती सुरीची स्वच्छ कापणी होती, पेशी जिवंत होत्या. काचबिंदूत धाग्याबरोबर पेशीच मरते. तिथे नवी पेशी आणायची, तिला पडद्यात रुजवायची, तिचा धागा नेमक्या छिद्रातून बाहेर काढायचा आणि पाच सेंटिमीटरच्या नसेतून पुढे नेऊन मेंदूत योग्य जागी जोडायचा. तेही लाखोंनी. एकेका टप्प्यावर काम चाललंय. पडद्यावर धागे जसे मध्याकडे जातात तशा चाकाच्या आऱ्यांसारख्या जाळ्यांवर गँग्लियन पेशी वाढवून पाहिल्या आहेत. त्यांचे धागे त्या आऱ्यांच्या दिशेने गेले, पण तेही प्रयोगशाळेतच.

मग उरलेली नस टिकवायला तरी काही?

प्रेशर कमी ठेवणं, हा आजचा खात्रीचा उपाय. त्यासाठीचे थेंब रोज, वेळेवर. कंटाळा येतो हे मला कळतं, कारण थेंबांनी दिसायला काहीच सुधारत नाही.

नवं म्हणाल तर एक गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे. पेशी जगवणारं सीएनटीएफ नावाचं प्रथिन आहे. ते तयार करणाऱ्या पेशी बारीक छिद्रांच्या कुपीत भरून कुपी डोळ्यात बसवतात. मच्छरदाणीतून वारा येतो, डास येत नाही, तसं कुपीत पोषण जातं, प्रथिन बाहेर येतं, पण शरीराच्या सैनिक पेशी आत शिरू शकत नाहीत. पडद्याच्या मध्यभागाच्या मॅकटेल या आजारासाठी या उपचाराला अमेरिकेत मार्च 2025 मध्ये मान्यता मिळाली. काचबिंदूतही तो करून पाहत आहेत, मान्यता मात्र नाही.

पडद्याला ठिगळ लावतात, ते काय?

प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे त्यांना सांभाळणारा एक थर असतो. म्हातारपणच्या पडद्याच्या आजारात तो झडतो. 2018 साली छापून आलेल्या कामात लंडनच्या डॉक्टरांनी स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, हा थर तयार करून पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर वाढवला आणि दोन पेशंटच्या पडद्याखाली सरकवला. ठिगळ सहा बाय तीन मिलिमीटरचं. ज्यांना अक्षर लागत नव्हतं ते चष्मा लावून वाचू लागले. नुसत्या पेशी सोडल्या तर त्या गोळा होऊन पडतात, पापुद्र्यावर त्या रांगेत उभ्या राहतात, म्हणून या साहित्याला किंमत आहे. दोन पेशंट म्हणजे सुरुवात, इतकंच.

डोळ्यात बसवायच्या चिपबद्दल ऐकलंय.

प्राइमा ही चिप दोन बाय दोन मिलिमीटरची आणि 30 मायक्रॉन, म्हणजे 0.03 मिलिमीटर जाड. चष्म्यावरचा कॅमेरा अदृश्य किरणांनी तिच्यावर चित्र पाडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत वर्षभर टिकलेल्या 32 पेशंटपैकी 26 जणांचं दिसणं ठळकपणे सुधारलं. तिला नस शाबूत लागते. काचबिंदूवाल्यांना तिचा उपयोग नाही. आधीच्या आर्गस या यंत्राचं उत्पादन बंद झालं तेव्हा ते बसवलेल्या माणसांना दुरुस्तीला कुणी उरलं नाही. असलं काही बसवताना दहा वर्षांनी कोण बघणार, हे विचारलंच पाहिजे.

आंब्यावरून पडला, डोळा शाबूत आहे पण दिसत नाही. यावर जेल वगैरे?

नाही. डोक्याच्या माराने नस दुखावली असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. काहींचं थोडं आपोआप परत येतं. स्टेरॉइडचे जबरी डोस किंवा घाईचं ऑपरेशन यांनी ठळक फायदा दिसलेला नाही.

नेत्रदानातला पूर्ण डोळा बसवता येतो का?

नेत्रदानातून बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बसवतात. आतला पडदा आणि नस नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कला एका माणसाला पूर्ण डोळा बसवला, रक्तपुरवठा सुरू झाला, दृष्टी आली नाही. नेत्रदान मात्र जरूर करा.

शहरातल्या एका सेंटरमध्ये स्टेम सेलचं इंजेक्शन देतात. जाऊ का?

जाऊ नका.

हर्णैच्या बाजूच्या एका काकांना काचबिंदू होता, एका डोळ्याने ओटीवरून बोटी ओळखण्याइतकं दिसायचं. जाहिरात पाहून घरच्यांनी काजूची बाग गहाण टाकून पैसे उभे केले. इंजेक्शन झालं आणि दोन महिन्यांत तेवढं दिसणंही गेलं. ते माझ्याकडे आले तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीतली पावती मी उलटसुलट पाहिली. रक्कम होती, शिक्का होता, उपचाराचं नाव कुठेच नव्हतं. काकू म्हणाल्या, "आम्ही विचारलं नाही, चुकलं आमचं." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अमेरिकेतही हेच घडलं. फ्लोरिडात तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी सोडल्या, प्रत्येकीकडून 5000 डॉलर घेतले, आणि तिघींची दृष्टी गेली. 2017 साली हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : पडदा किंवा नसेसाठी स्टेम सेल द्यायच्या तर मान्यताप्राप्त चाचणीतच. पैसे मागितले, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन देऊ म्हणाले, की उठून या.

खरी चाचणी ओळखायची कशी?

भारतातल्या प्रत्येक चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, 2009 पासून ते बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि वेबसाइटवर स्वतः टाकून बघा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा. 2019च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क आहे. हैदराबाद, मदुराई, चेन्नईच्या मोठ्या नेत्रसंस्थांत पडद्यावर संशोधन चालतं. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन तिथे चौकशी करता येते.

तोपर्यंत आम्ही काय करायचं?

चाळिशी ओलांडली की प्रेशर आणि नस तपासून घ्या, आईवडिलांना काचबिंदू असेल तर त्याही आधी. 2010 साली छापलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात चाळिशीपुढच्या 1 कोटी 12 लाख लोकांना काचबिंदू आहे आणि बहुतेकांना ते माहीतच नाही. साखर असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघायचाच, दिसत असलं तरी.

घरी एक सोपी गोष्ट करा. अंगणात उभं राहून एक डोळा तळहाताने झाका आणि पोफळीच्या खोडाकडे बघा. मग दुसरा झाका. दोन्ही डोळे उघडे ठेवून कळत नाही, चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. सरळ खोड मध्येच वाकडं किंवा तुटलेलं दिसलं तर त्या आठवड्यातच पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी निघा, मिळेल त्या गाडीने.